मीटर कोणाच्या नावावर?

मत ही अमानत आहे, असे आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. उलेमांनी मताला शहादत, म्हणजे साक्षही म्हटले आहे. मग विजेचे बिल कमी होईल या आशेने मत देणे ही अमानतीत खयानत होते काय? निवडणूक आली की आम्हा शिक्षकांत हा वाद हमखास निघतो. शंभर युनिटांवर मत विकणारा समाज काय प्रगती करणार, असे काहीजण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. बिलाच्या धास्तीने जो ऐन मे महिन्यात पंखा बंद ठेवतो, त्याने बिलाचा विचार करून मत दिले तर ती त्याच्या हालाची खरी साक्षच झाली. खोट असलीच तर आश्वासनात असते. 2004 साली सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. निवडणूक झाली आणि 2005 साली ती बंद पडली. 2024 च्या विधानसभेतही दोन्ही आघाड्यांनी वीजबिलाची आश्वासने दिलीच.

पण सवलत मोफत युनिटांची असो की कमी दराची, ती मिळते मीटरवाल्याला.

मतदारयाद्यांच्या कामावर आम्ही शिक्षक घरोघर फिरतो. घाटकोपरचा असल्फा घ्या, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा पायथा घ्या, की चिरागनगर घ्या (नावातच चिराग!). खाली मालक, माळ्यावर भाडेकरू, मागच्या खोलीत जरीकाम करणारी पोरे. मीटर मात्र एकच. वीज नियामक आयोगाचे घरगुती दर पायऱ्यांचे आहेत. पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, त्यापुढे आणखी महाग. चार खोल्यांनी प्रत्येकी 80 युनिट जाळले, तर चौघेही खरे म्हणजे पहिल्या पायरीचे. पण मीटरवर 320 दिसतात आणि स्वस्त दराचे 100 युनिट चौघांत वाटले जातात. त्यावर मालक आपला आकडा लावतो तो वेगळाच. गरिबासाठी ठेवलेला दर असा वाटेतच संपतो.

शिवाय बिल नाही म्हणजे पत्ता नाही. मतदार नोंदणीच्या नमुना 6 सोबत लाइटबिल चालते. आधार, बँकेचे पासबुकही चालते. पण तिथला पत्ता बदलायला गेले की पुन्हा लाइटबिलच विचारतात. गंमत अशी की बेघराचे नाव घालताना तो रात्री तिथेच झोपतो की नाही एवढेच पाहायचे असते. कागदासाठी अडतो तो भाडेकरू.

इंग्रजी अमदानीत मुंबई महापालिकेचे मत सुरुवातीला कर भरणाऱ्याला होते. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. पालिकेत तो 1948 च्या निवडणुकीत आला. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा तर सांगतो की केवळ घराची मालकी आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. दिल्ली आणि मुंबईतल्या वस्त्यांत परकीय असल्याच्या संशयावरून मतदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा 1995 साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की यादीत आधीच असलेले नाव रीतसर तपासून आले असे धरावे आणि ठरावीक कागदांचाच हट्ट धरू नये. पण आधी नाव यादीत आले असेल, तरच हा निकाल कामाचा!

2003 च्या वीज कायद्यात मालक किंवा भोगवटादार, दोघांपैकी कोणीही जोडणी मागू शकतो. अडते ते ना-हरकतीवर. आणि ना-हरकत नाकारणारा मालक बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला, आपल्याच सफमध्ये उभा राहणारा असतो. त्याची भीती अगदी खोटी नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात जुने लाइटबिल राहत असल्याचा पुरावा ठरते. आज मीटर दिले तर उद्या खोली जाईल, असे त्याला वाटते. पण या भीतीची किंमत महिन्याच्या महिन्याला भरतो तो माळ्यावरचा माणूस.

दर ठरवण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. आपल्या मोहल्ला कमिट्यांनी, जमातींनी तिथे अर्ज करावा. त्यात मोफत युनिटे मागू नयेत. एका मीटरवर जितकी बिऱ्हाडे, तितक्या वेळा पहिली पायरी मोजावी, आणि मालकाच्या ना-हरकतीविना भाडेकरूला मीटर मिळावे, एवढे दोनच मुद्दे लिहावेत. सह्या माळ्यापासून घ्याव्यात.