परतण्याची जागा

नंदादेवीचा नकाशा पसरला की शिखराआधी डोळ्यांत भरतो तो त्याच्याभोवतीचा तट. गढवालातले हे ७,८१६ मीटर उंचीचे शिखर उंच पर्वतांच्या कड्यात उभे आहे. त्या कड्याला पश्चिमेकडे तेवढे खिंडार पडले आहे. ऋषिगंगेने कोरलेली अरुंद घळ. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन तीतून आत पोचले. १९३६ साली टिलमन आणि ओडेल माथ्यावर उभे राहिले.

यात वाईट काय? काहीच नाही. जिज्ञासेला पाप ठरविणारी नीती मला मान्य नाही. पण दार उघडल्यावर आत कोण शिरेल, हे उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही. १९६५ साली चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारतीय आणि अमेरिकी हेरखात्यांनी प्लुटोनियमवर चालणारे यंत्र वर नेले. हवा बिघडली, ते तेथेच ठेवून माणसे उतरली; नंतर शोधले, तर ते नाहीसे झालेले! आणि ऋषिगंगेचे पाणी तर अखेर गंगेलाच मिळते.

पुढे गिर्यारोहकांचीही वर्दळ वाढली, कचरा साचला. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि लवकरच आतला प्रदेश बंद करण्यात आला. निर्णय योग्यच, असे आपण म्हणतो. पण त्याच निर्णयाने पायथ्याच्या लातासारख्या गावांची आतली कुरणेही गेली. शेजारच्याच रैणी गावात १९७४ साली गौरादेवी आणि इतर बायांनी झाडे तोडणाऱ्यांना परतवून लावले होते. ज्यांनी रान राखले, त्यांनाही रानाबाहेर राहावे लागले.

आपली हौस आवरणे हा संयम होय. दुसऱ्याची भाकरी आवरून त्यालाही संयमच म्हणावे, हे मात्र मला पटत नाही.

त्या मुलखात नंदा ही माहेरवाशीण आहे. तिला सासरी पोचविण्यासाठी राजजात यात्रा निघते आणि होमकुंडापर्यंत जाते. तेथे चार शिंगांचा मेंढा पुढे सोडून माणसे मागे फिरतात. लेकीला कोठवर पोचवायचे आणि कोठून परतायचे, हे त्यांना कोणत्याही कायद्याने शिकविलेले नाही. राखणदार नेमताना आपण त्यांना एकदा विचारायला हवे होते.