बाटलीतली अळी

मुलांना घरच्या घरी निसर्गनिरीक्षणातून विज्ञान शिकवावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. कीटकाच्या चार अवस्थांची आकृती पाठ करण्यापेक्षा परसातील रुईचे पान उलटून पाहणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु पान उलटल्यानंतरची कृती बहुधा ठरलेली असते. अळी उचलावयाची आणि झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीत ठेवावयाची. आम्हीही तेच केले. हा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न नातीने विचारले तेव्हा सुचला. "आजोबा, तिला बाहेर यायचं असेल तर?"

ही रुई शनिवारच्या मारुतीच्या माळेसाठी लावलेली. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी तिच्यावर पावसाळ्यात हमखास दिसते. (पुष्कळ जण तिला सुरवंट म्हणतात, पण तिच्या अंगावर केस नसतात.) रुईचा विषारी चीक तिच्या पथ्यावरच पडतो, पक्षी तिला आणि पुढे होणाऱ्या नारिंगी फुलपाखरालाही सहसा टाळतात. नात इंग्रजी शाळेत जाते. 'कोष' हा शब्द तिला या रुईनेच दिला.

कोणी म्हणेल, निपाणीकडे तंबाखूवरील अळ्या वेचून मारतात, बेळगावच्या शिवारात भातावर औषध फवारतात. तेथे एका अळीचे काय एवढे? आम्हीही मनाची अशीच समजूत घालून पाहिली. ती टिकली नाही. शेतकऱ्याची अळीशी गाठ पोटासाठी असते आणि तो ते लपवीत नाही. आपण मात्र जीवमात्रावर प्रेम करावयास शिकवतो म्हणून जीव कोंडतो. मूल आपले शब्द ऐकते, तसा झाकण लावणारा हातही पाहत असते.

येथे कोसबाडची आठवण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे जमेना, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. तिच्यामागे गरज होती, अळीची दया नव्हे. तरीही वस्तू मुलाकडे आणण्याऐवजी मुलाला वस्तूकडे न्यावे, एवढे तिच्यापासून घेण्यास हरकत नसावी.

आम्ही बाटली उघडली. अळी तिसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली. दुसऱ्या एका अळीचा हिरवा कोष पानाखाली सापडला. तो काळवंडला, तेव्हा "आता फुलपाखरू येणार" असे आम्ही छातीठोकपणे सांगितले. निघाल्या त्या माशीच्या अळ्या. नात रडली. अगदी लहानपणापासून बाटलीत जपलेली अळी बहुधा वाचली असती. मग कोंडणे हीच दया नव्हे काय? या आक्षेपाचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. इतकेच की, बाटली आणली तेव्हा आमच्या मनात दया नव्हती, कुतूहल होते. माशीलाही जगावयाचे असते, हे नातीला सांगताना आमची जीभ अडखळली, हेही कबूल केले पाहिजे.

ती आता रोज सकाळी पाने मोजते. गेल्या शनिवारी माळेसाठी पाने तोडताना तिने आजीला तीन पाने सोडावयास लावली. त्यांतील एकाखाली अंडे आहे म्हणते. आमच्या चष्म्यातून ते काही दिसले नाही.