आनंदवल्ली, गंगापूर आणि वारसाचा प्रश्न

पेशवेपद हे मुळात छत्रपतींनी दिलेले पद होते, घराण्याची मिळकत नव्हती. शाहू महाराजांनी ते १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ भटांना दिले, १७२० मध्ये त्यांचे पुत्र बाजीराव यांना आणि १७४० मध्ये नातू नानासाहेबांना. नानासाहेबांच्या वेळी नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईक बारामतीकरांचे नाव पुढे केले होते. म्हणजे हे पद भटांच्या घराबाहेर जाऊ शकते, असे तोवर तरी गंभीरपणे मानले जात होते. पुढे साताऱ्याच्या छत्रपतींकडून पदाची वस्त्रे येणे हा उपचार राहिला आणि निवड घरातल्या घरात होऊ लागली. पण घरातला नेमका कोण, गेलेल्या पेशव्याचा मुलगा की हयात असलेला कर्ता भाऊ, हे कुठेच लिहून ठेवलेले नव्हते.

त्याचे परिणाम पुण्याइतकेच नाशिकने पाहिले. आज गंगापूर रोडवर शहरातच आलेली आनंदवल्ली हे नानासाहेबांचे भाऊ रघुनाथराव यांचे राहण्याचे ठिकाण. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून गावाला हे नाव पडल्याचे सांगतात. तिथल्या नवश्या गणपतीचा संबंधही लोक याच कुटुंबाशी जोडतात. त्याच रस्त्याने पुढे गेले की गंगापूर. नानासाहेबांच्या पत्नी, माधवराव आणि नारायणराव यांच्या आई गोपिकाबाई पुणे सोडून तिथे राहिल्या आणि १७८८ मध्ये नाशिकलाच वारल्या. चांदवडच्या बाजूला धोडपचा किल्ला आहे. त्याच्या माथ्यावरच्या कातळभिंतीत पडलेली मोठी चौकोनी खाच दुरूनही ओळखू येते. जून १७६८ मध्ये या किल्ल्याच्या पायथ्याशी तेव्हाचा पेशवा, पुतण्या माधवराव, याने काका रघुनाथरावांचा पराभव केला, त्यांना पकडले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. त्याआधी सहा वर्षे, १७६२ मध्ये आळेगावला, हाच पुतण्या राज्य फुटू नये म्हणून काकांच्या स्वाधीन झाला होता.

माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले. सतरा वर्षांचे नारायणराव पेशवे झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकलेल्या गारद्यांनी शनिवारवाड्यात त्यांना मारले. जीव वाचवायला ते काकांच्याच गळ्यात पडले होते आणि चापाजी टिळेकर हा सेवक त्यांच्या अंगावर पडून मारला गेला, असे वर्णन बखरींतून येते. साताऱ्याहून वस्त्रे रघुनाथरावांना मिळाली. चौकशी करणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष त्यांच्यावरच ठेवला आणि पुणे सोडले. या दोषाला देहान्त प्रायश्चित्त हेच शासन, असे त्यांनी तोंडावर सांगितल्याचे परंपरा सांगते. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या.

पेच इथून सुरू होतो. घरातला एकमेव कर्ता पुरुष खुनाच्या आरोपाखाली आहे आणि दुसरा वारस अजून जन्मलेला नाही. शास्त्रचर्चेच्या रीतीने या पेचाचे दोन पक्ष मांडता येतात. पूर्वपक्ष रघुनाथरावांना मान्यता द्यावी असे म्हणतो, तर उत्तरपक्ष सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांच्या मंडळाची, म्हणजे बारभाईंची, बाजू घेतो.

पूर्वपक्ष : राज्याला आज धनी हवा. निजाम आणि हैदर वाट पाहत बसलेले आहेत. १७५८ मध्ये मराठी फौज अटकेपर्यंत गेली ती याच माणसाच्या हाताखाली. पोटातल्या गर्भाच्या नावाने हुकूम सोडले तर शिंदे, होळकर, भोसले ते का मानतील? असा पेच याआधी मोठमोठ्यांना पडला आहे. ६३२ मध्ये मदिनेत पैगंबर मुहंमद गेले, तेव्हा घरचे लोक अंत्यविधीच्या तयारीत असतानाच बनू साइदांच्या सकीफ्यात बैठक भरली. मदिनेचे अन्सार म्हणत होते, एक अमीर आमचा, एक तुमचा. तिथल्या तिथे पहिले खलिफा म्हणून अबू बक्र यांच्या हातावर हात ठेवून निष्ठा दिली गेली. थांबले असते तर जमाती फुटल्या असत्या.

उत्तरपक्ष : त्या घाईची किंमतही सांगावी लागेल. जावई आणि चुलतभाऊ अली त्या बैठकीत नव्हते. गदीर खुम्म इथे पैगंबरांनी त्यांनाच नेमले होते, अशी शियांची श्रद्धा आहे. सुन्नी तो प्रसंग मानतात, पण त्यातून राजकीय नेमणूक निघते असे मानत नाहीत. चौदाशे वर्षे झाली, हा मतभेद मिटलेला नाही. शिवाय तिथली निकड मृत्यूने आणली होती, पुण्यातली खुनाने. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्यालाच त्या निकडीचा लाभ कसा द्यायचा? मारणाऱ्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही, हे इस्लामी धर्मशास्त्रही सांगते. भारताच्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे २५ वे कलमही तेच सांगते.

पूर्वपक्ष : ते मालमत्तेचे नियम आहेत आणि पेशवेपद ही मालमत्ता नाही, ते दिलेले पद आहे. मग वारसाहक्काचा कायदा रघुनाथरावांना आडवा येत नाही, आणि त्याच न्यायाने तो गंगाबाईंच्या मुलाच्या मदतीलाही येत नाही. काकाला अडवताना वारशाचे नियम लावायचे आणि चाळीस दिवसांच्या बाळाला वस्त्रे देताना पुन्हा वारसाच पुढे करायचा, तर मोजमाप एकच ठेवा. वारशानेच चालायचे ठरले, तर गंगाबाईंना मुलगी झाली असती तेव्हा बारभाई कोणाकडे गेले असते?

या प्रश्नाला बारभाईंकडे खरेच उत्तर नव्हते. जानेवारी १७७४ मध्ये त्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर नेले, १८ एप्रिलला मुलगा झाला आणि मेमध्ये सवाई माधवरावांना वस्त्रे मिळाली. दरम्यान मार्चमध्ये कासेगावच्या लढाईत त्रिंबकराव पेठे पडले होते. हे मूल खरे नव्हेच, असा आरोप रघुनाथरावांच्या बाजूने पुढे होत राहिला. एका जन्मावर सगळे टांगून ठेवले की असा संशय पसरवणे सोपे जाते.

उत्तरपक्ष : तेवढे मान्य. बाळाचा हक्क हा खरा आधार नव्हता, ते निमित्त होते. बाळ गादीवर असले म्हणजे गादीवरचा माणूस जुलूम करू शकत नाही आणि कारभार अनेकांच्या विचाराने चालतो. अशी तजवीज ६४४ मध्येही झाली होती. खंजिराच्या जखमांनी मरणपंथाला लागलेले दुसरे खलिफा उमर यांनी मुलाचे नाव घेतले नाही. अली, उस्मान, तल्हा, झुबेर, साद आणि अब्दुर्रहमान इब्न औफ या सहा जणांनी आपल्यातून एक निवडावा, असे त्यांनी सांगितले. अब्दुर्रहमान यांनी स्वतःचे नाव मागे घेतले आणि निवडीचे काम पत्करले. ज्याला निवाडा करायचा आहे त्याने आधी स्वतःचा दावा सोडायचा, यापेक्षा चांगली रीत सांगता येईल का?

पूर्वपक्ष : रीत चांगलीच, आणि ती एकदाच वापरली गेली. निवड उस्मान यांची झाली. ६५६ मध्ये बंडखोरांनी मदिनेत त्यांच्या घरात शिरून त्यांना मारले, आणि पुण्याच्या पेचाला सर्वांत जवळचा पेच उभा राहिला. लोकांनी अलींना निष्ठा दिली. सिरियाचे सुभेदार मुआविया हे उस्मान यांचे नातलग. त्यांचे म्हणणे, आधी खुन्यांना शासन, मग निष्ठा. अलींचे म्हणणे, आधी निष्ठा, मग रीतसर न्याय. यातला कोण चूक?

इथे दोन्ही पक्षांना थांबावे लागते, कारण या दोन मागण्या एकमेकींना अडवतात. ज्याच्या हाती सत्ता नाही तो शासन देऊ शकत नाही, आणि खुनाचा डाग धुतला जात नाही तोवर सत्ता हाती टिकत नाही. अलींवर कोणी खुनाचा दोष ठेवून तो सिद्ध केला नव्हता, हा पुण्याच्या प्रसंगाहून असलेला मोठा फरक. पण ज्यांच्यावर संशय होता असे लोक त्यांच्या फौजेत होते आणि तेवढे भांडणाला पुरले. ६५७ मध्ये सिफ्फीनला दोन्ही फौजा भिडल्या आणि प्रकरण लवादाकडे गेले. लवाद दोन होते, अलींकडून अबू मूसा अशअरी आणि मुआवियांकडून अम्र इब्न आस. उस्मान यांचा खून अन्यायाने झाला का आणि खलिफा कोण, हे दोन प्रश्न तिथे एकमेकांत मिसळले गेले आणि धड एकाचाही सर्वमान्य निकाल लागला नाही. लवाद नेमला म्हणूनच रागावून अलींचे काही लोक फुटले; त्यांना खारिजी म्हणतात. त्यांच्यापैकीच एकाने ६६१ मध्ये कूफ्यात अलींना मारले.

रामशास्त्र्यांचे मोठेपण या पार्श्वभूमीवर नीट कळते. त्यांनी फक्त पहिला प्रश्न हाती घेतला. पेशवा कोण व्हावा, हे त्यांनी सांगितले नाही. खुनाचा दोष कोणावर, एवढेच सांगितले. ते कोणाच्या बाजूचे लवाद नव्हते आणि निकालातून त्यांना काही मिळणार नव्हते. आरोपी गादीवर असताना त्यांनी हे केले. निर्भयपणा म्हणून त्याचे कौतुक नेहमी होते, ते योग्यच आहे. पण दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची शिस्त त्याहून दुर्मीळ आहे.

पूर्वपक्ष : तरीही त्या निकालाची अंमलबजावणी बारभाईंच्याच तलवारीने झाली, आणि त्यात त्यांचा लाभ होता. शिवाय नमते घेण्यातही पुण्य असते. अलींचे पुत्र हसन यांनी ६६१ मध्ये मुआवियांशी समझोता करून रक्तपात थांबवला. त्या निर्णयाचा मान सुन्नी आणि शिया दोघेही राखतात. बारभाईंनी तसे केले असते तर १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने साष्टी आणि वसई इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला द्यायचे कबूल करण्याची वेळ रघुनाथरावांवर आली नसती.

उत्तरपक्ष : समझोत्याने वीस वर्षे मिळाली, हे खरे. पण मुआवियांनी पुढे मुलाला, यझीदला, वारस केले, आणि १० ऑक्टोबर ६८० रोजी करबलेत हसन यांचे भाऊ हुसेन आपल्या मोजक्या साथीदारांसह मारले गेले. आळेगावला माधवरावाने घेतलेले नमतेही सहा वर्षांनी धोडपला फिटले. कंपनीच्या दारात जाणे ही तर रघुनाथरावांची स्वतःची निवड होती.

कंपनीशी बोलणी बारभाईंनीही केली; १७७६ चा पुरंदरचा तह त्यांचाच. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौज कोंडीत सापडली आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने लढाई संपली. रघुनाथरावांना तनखा मिळाला, ते गोदाकाठी कोपरगावला राहू लागले आणि थोड्याच काळात तिथे वारले. आनंदीबाई पुढे मुलांसह आनंदवल्लीला आल्या आणि १७९४ मध्ये तिथेच वारल्या. गोपिकाबाई आणि त्या या उतारवयात शेजारी राहिल्या नाहीत. एक गेल्यानंतर दुसरी आली. गंगापुरातून गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, कसे वागावे याची कलमे लिहून पाठवली होती. तीन मुलगे गमावलेल्या आजीने नातवाच्या दिनचर्येची काळजी वाहिली. त्याच्यामागून गादी कोणाची, याची काळजी कारभाऱ्यांनी वाहायला हवी होती.

ते मात्र झाले नाही, आणि बारभाईंवरचा खरा आक्षेप इथे येतो. त्यांनी रघुनाथरावांना अडवले हे योग्य केले. मंडळाने राज्य चालवायचे हेही योग्य ठरवले. पण मंडळ टिकवले नाही. मंडळातलेच मोरोबा फडणीस १७७८ मध्ये रघुनाथरावांसाठी उठले आणि कैदेत गेले. त्याच संशयावरून सखारामबापूही कैदेत गेले आणि कैदेतच वारले. कारभार उरला एकट्या नानांच्या हाती, आणि त्यांच्यासमोर फौजेच्या बळावर महादजी शिंदे.

पूर्वपक्ष : मग काय करायला हवे होते?

उत्तरपक्ष : सालबाईनंतर मुलगा आठ वर्षांचा होता, दावेदार तनख्यावर होता. लिहून ठेवायला याहून निवांत काळ नव्हता. मंडळात कोण असावे, एखादा गेला तर जागा कोणी भरावी, पेशव्याने कारभार कोणत्या वयात हाती घ्यावा आणि तो निपुत्रिक गेला तर गादी कोणाकडे जावी, ही चार कलमे साताऱ्याच्या शिक्क्याने झाली असती. ती नव्हती, म्हणून २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून वारले तेव्हा तेरा महिने कारस्थानांत गेले. आधी आनंदीबाईंचा धाकटा मुलगा चिमाजीआप्पा याला दत्तक देऊन पेशवा केले आणि मग डिसेंबर १७९६ मध्ये त्याचा थोरला भाऊ, दुसरा बाजीराव, पेशवा झाला. १७७४ मध्ये ज्या शाखेला दूर ठेवायला रक्त सांडले, तीच शाखा नानांच्याच हयातीत गादीवर आली.

पूर्वपक्ष : लिहिल्याने तरी काय झाले असते? हारून रशीदने ८०२ मध्ये मक्केला वारसाहक्काची कागदपत्रे करून काब्यात लावली. आधी अमीन, त्याच्यामागून मामून, दोघांच्याही शपथा. तो गेल्यावर दोन वर्षांत भाऊ भावावर फौज घेऊन आला आणि ८१३ मध्ये अमीन मारला गेला.

उत्तरपक्ष : ते बापाने मुलांत केलेले वाटप होते. ते पाळायला लावणारे, कोणाच्याही बाजूचे नसलेले मंडळ मागे नव्हते. कागद आणि मंडळ दोन्ही लागतात.

पूर्वपक्ष : मंडळाचा शब्द शिंद्यांच्या पलटणींना कोण मानायला लावणार होते?

उत्तरपक्षाला इथे एवढेच म्हणता येते की १७८२ मध्ये महादजींनाही त्या कलमांवर सही करायला लावता आली असती. सालबाईच्या तहात मध्यस्थ तेच होते, आणि तो तह पाळला जाण्यात त्यांचा स्वतःचा मान गुंतलेला होता. महादजींमागून आलेल्या दौलतराव शिंद्यांच्या काळात, १७९५ नंतर, अशी सही घेण्याजोगे कोणी उरले नव्हते.