दानाचा जमाखर्च

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग, झाला, आणि एरवी परस्परांचे प्रतिस्पर्धी गणले जाणारे बालगंधर्व व केशवराव भोसले हे दोन नट भामिनी आणि धैर्यधर म्हणून एका रंगमंचावर उभे राहिले. त्या रात्रीचा स्वर तबकडीवर उतरला नाही. उत्पन्नाचा भरणा फंडात झाला, की कलावंतांचे दान तेथेच संपूर्ण झाले. मागे उरल्या त्या आठवणी, आणि आठवणींवर कोणतेही सरकार कर बसवीत नाही.

पन्नास वर्षांनी, १ ऑगस्ट १९७१ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जे दोन जलसे झाले, त्यांचे नशीब याहून गुंतागुंतीचे होते. नोव्हेंबर १९७० चे चक्रीवादळ, त्यापाठोपाठ मार्चमधील पाकिस्तानी लष्कराचे अत्याचार आणि भारताच्या सीमेकडे लोटलेले निर्वासितांचे लोंढे, यांनी घराणे मूळचे पूर्व बंगालचेच असलेल्या रविशंकरांचे मन व्याकुळ झाले होते. परंतु आपण एकट्याने सतार वाजवून जमेल ती रक्कम त्या दुःखापुढे नगण्य ठरेल हे ओळखून त्यांनी, १९६६ मध्ये मुंबईला येऊन आपल्यापाशी सतारीचे धडे घेतलेल्या, एकेकाळच्या बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनला साद घातली. हॅरिसनने काही आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन अशी मंडळी गोळा केली. दोन्ही जलशांना मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते आले.

पुढे या जलशाचा तीन तबकड्यांचा संच निघाला. त्याच्या आरंभीच, रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती अशी मैफल बसली असता वाद्ये लावून होतात न होतात तोच टाळ्यांचा कडकडाट होतो. आणि नुसते जुळवणेच इतके आवडले असेल तर वादन याहून अधिक आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर सौम्यपणे सांगतात. एखाद्या धोरणी निर्मात्याने एवढा भाग खुशाल कापून टाकला असता. तो राहू दिला यात मला त्या संचाचे खरे सौजन्य दिसते. कारण जे लोक मदतीला धावले होते त्यांना त्या संगीताची ओळख नव्हती, आणि तरीही ते धावले होते, ही गोष्ट त्या टाळ्यांइतकी स्पष्ट दुसऱ्या कशानेच झाली नसती.

संच अमेरिकेत विक्रीस आला तो २० डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे ढाक्यातील पाकिस्तानी फौजांच्या शरणागतीनंतर अवघ्या चार दिवसांनी. निक्सन सरकार पाकिस्तानची पाठराखण करीत असताना त्याच देशातील घराघरांत, रिकाम्या थाळीपाशी बसलेल्या कृश बालकाचे चित्र आणि त्यावर एका नवजात राष्ट्राचे नाव जाऊन पोहोचले. पैशाखेरीज झालेले हे कार्य लहान म्हणता येणार नाही.

मात्र पैशाची कथा निराळी. जलशाच्या तिकिटांचे २,४३,००० डॉलरहून काहीसे अधिक उत्पन्न युनिसेफला तत्काळ मिळाले. तबकडी मात्र बाजारात आली, आणि जे बाजारात येते ते दप्तरातही येते. डिलन दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने त्या कंपनीने आपला वाटा मागितला. वितरकांची घासाघीस चालली. आणि कार्यक्रमापूर्वीच एखाद्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत रीतसर व्यवस्था लावलेली नव्हती, या सबबीवर अमेरिकन प्राप्तिकर खात्याने करमाफी नाकारून फार मोठी रक्कम कित्येक वर्षे चौकशीत अडकवून ठेवली. ब्रिटनमध्ये खरेदीकर माफ व्हावा म्हणून हॅरिसनने केलेली रदबदलीही व्यर्थ गेली, आणि १९७३ मध्ये त्याने स्वतः दहा लाख पौंडांचा धनादेश सरकारी तिजोरीत भरला. भुकेल्यांसाठी गायलेल्या गाण्याचा कर गायकाने भरावा, याला दैवदुर्विलास म्हणावे की कायद्याची समदृष्टी, ते वाचकांनी ठरवावे.

कारकुनाला बोल लावणे सोपे आहे; मी लावीत नाही. कलावंत आपले मानधन सोडू शकतो, परंतु तबकडी त्याच्या एकट्याची नसते. ती दाबणारा कारखाना, पोहोचवणारा वितरक, विकणारा दुकानदार आणि महसूल घेणारे सरकार, या प्रत्येकाने आपला हक्क वेगवेगळा सोडावा लागतो, आणि दुसऱ्याच्या हक्कावर परस्पर पाणी सोडण्याचा अधिकार कोणत्याही दात्याला नाही. संयुक्त मानापमानाच्या वेळी दोन मंडळ्यांच्या मालकांनी मनात आणले आणि काम झाले. येथे मात्र उदार व्हावयाचे होते ते एका साऱ्या धंद्याला, आणि धंद्याला ते एका ऑगस्टच्या दिवसात जमण्यासारखे नव्हते.

१९८४ च्या अखेरीस इथिओपियाच्या दुष्काळासाठी ब्रिटिश आणि आयरिश गायकांनी मिळून ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हाही ब्रिटिश सरकारने आरंभी मूल्यवर्धित कर सोडण्यास नकार दिला. लोकक्षोभ वाढल्यावर तेवढीच रक्कम धर्मादायास परत करण्यात आली. करमाफी मिळाली असे त्याला कोणी म्हटले नाही. वसुलीचा नियम अबाधित राहिला आणि पैसा मागल्या दाराने इथिओपियाकडे गेला, हे अर्थखात्याच्या बुद्धीला साजेसेच झाले.