हरकत नाही ना?

पुण्यातल्या एका सोसायटीत यंदा मार्चपासूनच टँकर सुरू झाले. सेक्रेटरी धडाडीचा. मीटिंग बोलावून वादावादी ऐकत बसण्यापेक्षा त्यानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकला: 'टँकरचा अवाढव्य खर्च टाळण्यासाठी पाणी सकाळी व संध्याकाळी दोन-दोन तासच सोडावे आणि वाचलेल्या पैशातून गेटला कॅमेरे बसवावेत, याला आपली हरकत नाही ना?' खाली दोन पर्याय: हो, नाही.

रात्रीपर्यंत ३८ हो आले, २९ नाही. 'ठराव मंजूर', सेक्रेटरीनं लिहिलं. त्यावर बी विंगमधून मेसेज: 'मी हो म्हटलं ते हरकत आहे म्हणून.' पाठोपाठ दुसरा: 'आणि मी नाही म्हटलं, म्हणजे माझी हरकत नाही.' तिसऱ्याला पाणी मान्य होतं, पण कॅमेरे नको होते. त्यानं कुठं बोट ठेवायचं? पुढं मध्यरात्रीपर्यंत जे चाललं ते छापण्याजोगं नाही.

सकाळी सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे गेला. काकूंची सगळी नोकरी नॅशनल सॅम्पल सर्व्हेत, गावोगाव फिरून शेड्यूल भरण्यात गेलेली. त्या प्रश्न वाचून हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"'नको' असा कौल आला असता तर काय करणार होतास?"

"नको कसा येईल काकू? खर्च वाचतोय!"

"मग विचारलंस कशाला? सरळ नोटीस लावायची."

तो गप्प बसला. काकूंनी चहा टाकला.

"आमच्याकडे १९९४ ते १९९८ च्या फेऱ्यांत दोन तऱ्हेची शेड्यूल होती. काही घरांत विचारायचं, खाण्यापिण्यावर गेल्या ३० दिवसांत किती खर्च झाला. काही घरांत, गेल्या ७ दिवसांत किती. देश तोच, वर्षं तीच. महिन्याचं माणसाला आठवत नाही रे, परवा आणलेली मेथी आठवते. सात दिवसांच्या शेड्यूलमध्ये खर्च जास्त निघाला आणि त्या हिशेबानं देशातले गरीब जवळजवळ निम्मे झाले. कुणाच्या ताटात एक घास वाढला नव्हता. प्रश्न तेवढा बदलला होता."

मग त्यांनी लाल पेन घेतलं. कॅमेरे आधी उडवले. तो वेगळा प्रश्न, वेगळ्या दिवशी विचारायचा. 'अवाढव्य' खोडलं. 'हरकत' खोडली. शेवटी कागदावर 'पाणी' एवढंच उरलं. सेक्रेटरीनं नवं वाक्य सुचवलं, 'तुम्हाला साधारण किती पाणी लागतं?' काकूंनी ते घेऊन त्याला तळमजल्यावरच्या आजींकडे आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांकडे पिटाळलं. उत्तर घ्यायचं नाही, फक्त काय समजलं ते विचारायचं. आजी म्हणाल्या, "बादलीत सांगू का हंड्यात?" पोरांनी विचारलं, "एकट्याचं, का आम्हा चौघांचं?" 'साधारण' म्हणजे उन्हाळ्यातलं की वर्षभरातलं, ही शंका खुद्द सेक्रेटरीला जिना उतरताना आली.

नवा प्रश्न ठरला: 'काल तुमच्या घरी पाणी सर्वांत जास्त कोणत्या वेळेत वापरलं गेलं?' पुढं दिवसाचे चार भाग, मग 'सांगता येत नाही', आणि 'इतर' म्हणून एक मोकळी ओळ. ही ओळ फॉर्म करणारे बहुतेक गाळतात, कारण तिची बेरीज होत नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. भाडेकरू मालकाच्या मताविरुद्ध बोट ठेवायला धजत नाही. म्हणून या वेळी नाव न विचारणारा गूगल फॉर्म केला आणि आजींसारख्यांसाठी कागद घरोघर दिला.

सर्वांत जास्त खुणा दहा ते एकवर पडल्या. धुण्याभांड्याच्या बायका याच वेळात येतात, आणि सेक्रेटरीच्या योजनेत नळ नेमका तेव्हाच बंद राहणार होता. मोकळ्या ओळीत सी विंगमधल्या चौघांनी वेगवेगळं, पण एकच लिहिलं होतं: रात्री दोनच्या सुमारास गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज येतो. प्लंबरनं वर जाऊन पाहिलं तर टाकीचा बॉलकॉक अडकलेला. तो बदलला. टँकर बंद झाले नाहीत, पण कमी झाले, आणि पाण्याच्या वेळा दुपार धरून ठरल्या.

ऑगस्टमध्ये सेक्रेटरी पुन्हा काकूंच्या दारात, हातात कागद: 'परंपरेप्रमाणे गणेशोत्सव थाटात व्हावा यासाठी वर्गणी हजार रुपये ठेवावी ना?'

काकूंनी चष्मा लावला. "आणि लोक नको म्हणाले तर?"

"तर... मांडव लहान. ऑर्केस्ट्रा रद्द. जेवणाऐवजी नुसता प्रसाद."

"मग हे सगळं लिही की खाली! पाचशेत काय, हजारात काय. आणि तो 'ना' काढ."

"थाटात राहू दे ना, काकू?"

काकूंनी लाल पेन पुढं केलं.