बोली कुणाच्या नावावर?

घोड्यावर बसलेला कोसॅक शिपाई, खोगिरातून वाकून निरोपाचे चुंबन घेतो आहे. येवगेनी लान्सेरे याने 1878 मध्ये घडवलेली ही रचना. तिची जुनी ब्राँझ प्रत लिलावात आली की कॅटलॉगमध्ये त्याचे नाव ठळक छापतात आणि बोली त्या नावावरच चढते. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

लान्सेरे (1848–1886) कलावंत म्हणून मोठाच. नेपोलियनच्या फौजेतून 1812 साली रशियात आलेल्या आणि तिथेच राहिलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याचा हा नातू. पीटर्सबर्गच्या विद्यापीठात कायदा शिकला, शिल्पकलेचे रीतसर शिक्षण मात्र घेतले नाही. क्षयाने सदतिसाव्या वर्षी गेला, तोवर सुमारे चारशे रचना करून. घोड्याच्या पोटावरचा ताण आणि दमलेल्या मानेचा बाक त्याच्याइतका नेमका फार थोड्यांना जमला.

पण लान्सेरेने केला तो मेणातला मूळ नमुना. ब्राँझ ओतणारे हात दुसरेच होते. एकाच नमुन्यावरून अनेक प्रती निघत. घोडा, स्वार, लगाम असे भाग वेगवेगळे ओतायचे, जोडायचे, सांधे घासून बुजवायचे, आयाळीचा केस न् केस छिन्नीने पुन्हा कोरायचा आणि शेवटी रसायने व उष्णता देऊन रंग चढवायचा. पीटर्सबर्गमध्ये फेलिक्स शोपँ या फ्रेंच ओताऱ्याचा कारखाना हे काम करी. लान्सेरेच्या मृत्यूनंतरही त्याचे नमुने उरलमधल्या कास्लीच्या कारखान्यात बिडात ओतले जात राहिले. कारागीर चांगला असेल तर घोड्याच्या नाकपुड्या फुललेल्या दिसतात. घाईत उरकलेल्या प्रतीत तोच घोडा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. सही दोन्हींवर एकच!

म्हणून ब्राँझच्या बाबतीत ‘अस्सल की नक्कल’ हा प्रश्न अपुरा वाटतो. प्रत कधी ओतली, मूळ नमुन्यावरून की दुसऱ्या ब्राँझवरून, हे विचारायला हवे. याचे उत्तर वस्तूच देते. ब्राँझ थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसते. तयार पुतळ्यावरच साचा घेऊन काढलेली प्रत त्यामुळे त्या पुतळ्याहून थोडी लहान भरते. चाळीस सेंटिमीटरच्या उंचीत सुमारे अर्धा सेंटिमीटर. बारीक रेषाही बोथट होतात. चौथऱ्यावरच्या अक्षरांचीही मदत होते: 1918 च्या लिपिसुधारणेपूर्वी व्यंजनान्त रशियन शब्दांच्या शेवटी येणारे कठोर चिन्ह तिथे दिसायला हवे. अर्थात नकली ओतकाम करणाऱ्यालाही हे ठाऊक असते, त्यामुळे अक्षरांपेक्षा मोजपट्टीवर माझा अधिक भरवसा.

दुसरी गोष्ट थोडी अप्रिय आहे. या मूर्तींतला कोसॅक हळवा, घोड्यावर जीव टाकणारा आहे. याच स्वारांच्या तुकड्या झारची सत्ता संपकऱ्यांवर आणि निदर्शकांवर सोडत असे, चाबकासकट. ही मूर्ती विकत घेताना ग्राहक झारकालीन रशियाचे एक गोंडस रूप विकत घेतो. सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर रशियात नवा श्रीमंत वर्ग उभा राहिला, त्याला हे रूप हवे होते. लंडनच्या लिलावगृहांत रशियन कलेचे खास विक्रीसत्र भरत असे, ते त्याच ग्राहकांच्या जोरावर. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर क्रिस्टीज, सॉदबीज आणि बॉनहॅम्स यांनी जून 2022 ची रशियन सत्रे रद्द केली. घोड्याच्या घडणीत त्यामुळे तसूभर फरक पडला नव्हता.

नाव आणि राजकारण यांच्यावर ठरणारी ही किंमत मला पटत नाही. जिच्यात ओताऱ्याची छिन्नी जागोजाग दिसते, तीच प्रत महाग ठरायला हवी, चौथऱ्याखाली शोपँच्या कारखान्याचे नाव असो वा नसो. तेव्हा कुणाला अशी मूर्ती घ्यायचीच असेल, तर बोली लावण्याआधी ती उलटी करून पाहा, सांधे तपासा आणि खात्रीच्या जुन्या प्रतीच्या मापांशी तिची उंची ताडून बघा. सही सगळ्यात शेवटी वाचा.