चटईचा हिशोब

घर बांधायला परवानगी लागते, हे बरोबर की चूक? कुणी म्हणेल, हा नगररचना खात्याचा प्रश्न. मी म्हणतो, हा नीतीचा प्रश्न आहे. ज्याला अर्जसुद्धा करता येत नाही त्याने रातोरात चार पत्रे उभे केले, तर तो गुन्हेगार का? दोस्तांनो, मोर्चात आपण यावर घोषणा देतो. पण घोषणेत प्रश्न अर्धाच मावतो. उरलेला अर्धा इथं मांडतो.

मी र्‍हायला गणेशपुरीला, कामाला भिवंडीत लूमवर. बारा तासांची पाळी. कापडाच्या गाठींना पक्कं छप्पर, खाली फरशी, दाराला वॉचमन. भिवंडीभोवतीच्या गावांत गोदामांच्या रांगा लागल्यात, त्यातली कितीतरी बिनपरवान्याची. २००७ साली ५१ गावांचं नियोजन एम.एम.आर.डी.ए.कडे गेलं, तरी गोदामं उठतच राहिली. मालाला जागा मिळते. माल विणणार्‍याने पडवी वाढवायची म्हटली की कचेरीतला माणूस पहिला प्रश्न टाकतो : सात-बारा कुणाच्या नावावर?

म्हणून काय नियमच नकोत? तसं म्हणणारा आपला मित्र न्हाई. ४ एप्रिल २०१३ला शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. सप्टेंबर २०२०मध्ये भिवंडीत पटेल कंपाउंडची इमारत पहाटे झोपेतल्या माणसांवर पडली. अशा ढिगार्‍याखाली बंगलेवाले सापडत नाहीत. बीममध्ये किती सळई, दोन घरांत किती वारा, गटार कुठून न्यायचं, यावर कुणाची तरी नजर पाहिजेच. जीव वाचवणारा नियम हा आपलाच नियम.

पण नियम खरंच जिवासाठी आहे का, ते कसं ओळखायचं? त्याची चटई तपासा.

१९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा सांगतो, परवानगीशिवाय बांधकाम नाही. किती बांधायचं ते चटई क्षेत्र निर्देशांक ठरवतो. १९९१च्या नियमावलीत मुंबई शहराला तो १.३३ होता, उपनगरांना १. म्हणजे शहरात शंभर मीटर जागेवर एकशे तेहतीस मीटर बांधा, त्यापुढे नाही. कारण सांगतात : पाणी पुरणार नाही, गटारं तुंबतील. कारण पटतं. मग २०१२ साली ठरलं, प्रीमियम भरा आणि घरांसाठी ३५ टक्के जादा चटई घ्या. आता मला सांगा, प्रीमियम भरल्याने तानसा तलावात पाणी वाढतं का? वाढत नसेल, तर ती मर्यादा पाण्याची नव्हती, ऐपतीची होती. जी मर्यादा विकत घेऊन ओलांडता येते ती नीती नव्हे, तो टोलनाका आहे.

आपल्याला मात्र मीटरात मोजत नाहीत, तारखेत मोजतात. १ जानेवारी १९९५च्या आधीची झोपडी पात्र. पुढे ती तारीख २०००वर आली. त्यानंतर आलेल्यांना २०११पर्यंत पैसे भरून घर. एकाच गल्लीत, एकाच नळावर भांडणार्‍या दोन बाया. एक कायदेशीर, दुसरी बेकायदा. फरक काय, तर कागदावरच्या तारखेचा. ज्यांच्याकडे जुना कागद नाही ते कोण असतात? सारखे हाकलले गेलेले. हाकलल्याचा पुरावा मागायचा तर तो हाकललेल्याकडंच मागायचा, अशी ही रीत. १९८५मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो. मोठी गोष्ट. पण त्याच निकालात हेही म्हणालं, की रीतसर नोटीस देऊन फुटपाथवरून उठवता येतं. जगायचा हक्क हाय, पण जगायचं कुठं, ते न्हाई सांगितलं.

आणि ही रीत शहराने शोधलेली नाही. गावठाण कुठं संपतं आणि महारवाडा कुठं सुरू होतो, हाच आपल्याकडचा पहिला बांधकाम परवाना. तो कुठल्याही कचेरीत लिहिलेला नव्हता, तरी प्रत्येक जातीला पाठ होता. वतनाची जमीन मिळे ती गावकीच्या बदल्यात. त्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करायचा कायदा झाला १९५८ला. जमीन परत मिळाली ती नवीन शर्तीची : कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शर्त संरक्षणाची म्हणून घातली. पण परवानगीचं शेपूट आपल्याच सात-बाराला लागलं. सन १८९८मध्ये प्लेगच्या नावानं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, गरिबांच्या वस्त्या पाडल्या, चाळीही बांधल्या. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. सरकारनं बांधलेली लहानशी खोली काय करू शकते, ते यावरून समजा.

तर माझी कसोटी तीन प्रश्नांची. नियमाचं कारण गरीब-श्रीमंताला सारखं लागतं का? मनाई करणार्‍याने दुसरं दार उघडं ठेवलंय का? आणि नियम मोडणारा स्वतःच्या डोक्यावर छप्पर घालतोय, की दुसर्‍याच्या डोक्यावर धोका? पहिल्या दोघांचं उत्तर ‘नाही’ असेल, तर चार पत्रे उभारणारा माझ्या लेखी निर्दोष. पण तिसरा प्रश्न आपल्या माणसालाही विचारायचा. निळा झेंडा लावून, कच्च्या पायावर चार मजले चढवून भाडं खाणारा दादा गरिबाला घर देत नाही, गरिबाचा जीव गहाण टाकतो. तो आपल्यातला म्हणून गप्प बसलो, तर गावकीचे पाटील आणि आपण यांत फरक काय उरला?

दार उघडायचं कसं, तर ते कागदातसुद्धा आहे. विकास आराखड्याचा मसुदा निघतो, हरकती-सूचना मागवतात, मुदत असते. मुंबईच्या २०३४च्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ साली लोकांच्या ओरडीमुळं सरकारला मागे घ्यावा लागला. आपल्या शाखेत एकाने तरी नकाशा वाचायला शिकावं. आपली वस्ती त्यात दाखवलीय का, की तिच्यावर हिरवा रंग मारून बाग दाखवलीय, ते बघावं. घर पाडायला जेसीबी येतो तेव्हा आपण आडवे पडतो. त्याच्या कितीतरी आधी तो नकाशावरून गेलेला असतो. तिथं आडवं पडायला शिका.